पित्याचा वाद्यवृंद, कन्येचे गाणे

गिरगावातील मध्यमवर्गीय घरात गाण्याच्या वारशाचा विषय निघाला म्हणजे एक जोडी हटकून आठवली जाते: मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर. आईने अल्लादियाखाँसाहेबांकडून कष्टाने विद्या मिळविली, ती मुलीस दिली, आणि मुलीने ती आपल्या मार्गाने वाढविली. हा वारसा आपणांस चटकन उमगतो, कारण त्याची परिभाषा आपली आहे. परंतु गिरगावापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, धोबीतलाव आणि अपोलो बंदर यांच्या दरम्यान, आणखी एक संगीत नांदत होते. त्याच्या वारशाची कथा मला तितकीच मननीय वाटते.

ते संगीत म्हणजे जॅझ. धोबीतलावच्या आसपास गोव्यातील निरनिराळ्या गावांच्या मंडळींनी चालविलेली सामाईक बिऱ्हाडे असत. कोंकणीत त्यांना कूड म्हणतात. खलाशी आणि स्वयंपाकी यांच्याबरोबर तेथे वादकही राहत. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांस पाश्चात्य स्वरलिपी शिकवीत. त्यामुळे मुंबईतील नृत्यगृहांना वादक पुरविले ते मुख्यतः गोमंतकीयांनी. १९३५ मध्ये लिओन अ‍ॅबी हा कृष्णवर्णी अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, आणि या मंडळींना जॅझ समक्ष ऐकावयास मिळाले. पुढे कराचीहून आलेले मिकी कोरिया १९३९ पासून सुमारे दोन दशके त्याच ताजमध्ये वाद्यवृंदाचे नायक होते.

नृत्याच्या वाद्यवृंदाचे काम मोठे विलक्षण असते. वादकाने उत्तम वाजवावे, पण नाचणाऱ्याचे पाऊल चुकणार नाही इतपतच. एखादी अवघड हरकत सुरेख साधली, तरी ती पावलांच्या आवाजात आणि पेल्यांच्या किणकिणाटात विरून जावयाची. लोक संध्याकाळची तारीफ करीत. सुरावटीची करणारे थोडे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाल्यावर या रात्रींची रयाच गेली, आणि अनेक वादक चित्रपटांकडे वळले. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्रांना साथ केली. ‘अलबेला’ (१९५१) मधील गाणी गिरगावातल्या चाळींतूनही गुणगुणली गेली. अशा रीतीने जॅझ आमच्या घरांत शिरले खरे, पण आपले नावगाव न सांगता.

मिकी कोरियांच्या कन्या ख्रिस्टीन कोरिया याही जॅझच गातात. त्या मुंबईहून अमेरिकेस गेल्या, बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थिरावल्या. पियानोवादक रॅन ब्लेक यांच्यासह त्यांची ध्वनिमुद्रिका १९९४ मध्ये निघाली, आणि ही जोडी पुढेही टिकली. बिली हॉलिडेच्या ‘लेडी इन सॅटिन’ (१९५८) या तबकडीतील गाण्यांची त्यांनी नव्याने केलेली मांडणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

ही शेवटची ध्वनिमुद्रिका मी एका रात्री घरी ऐकली. आरंभी माझा पाय सवयीने ठेका शोधू लागला, आणि त्यास तो सापडेना. कारण येथे ढोल नाही, तुताऱ्या नाहीत. एक आवाज आणि एक पियानो, आणि दोहोंमध्ये हवी तितकी स्तब्धता. नाचण्याची सोयच ठेवलेली नाही. श्रोत्यास दोनच मार्ग मोकळे: ऐकावे, किंवा उठून जावे. मी ऐकत बसलो.

तेव्हा माझ्या मनात विचार आला की, पित्याने वीस वर्षे नाचणाऱ्यांसाठी वाजविले, आणि कन्येने आपल्या गाण्यातून नाचच वजा केला. मग हिने वारसा चालविला म्हणावे की मोडला? वारसा म्हणजे वडिलांचे बोल पुन्हा गिरविणे असेल, तर तो मोडला हे उघड आहे. पण किशोरीताईंचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्यांच्यावरही घराणे सोडल्याचा आरोप झाला. मैफलीत कोणी कुजबुजले तरी त्यांना खपत नसे, आणि लोक त्यांस तुसड्या म्हणत. आपल्या आईस गायिका म्हणून सोसावी लागलेली अवहेलना लहानपणी पाहिली होती, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांचा तो करारीपणा म्हणजे आईचे राहिलेले येणे वसूल करणेच होते.

ख्रिस्टीन कोरियांचा हेतू असाच असेल, असे मी म्हणत नाही. हेतू कलावंताचे त्यालाच ठाऊक. परंतु परिणाम तोच झाला आहे. आईबापांची विद्या मुलांस मिळते, हे आपण नेहमी म्हणतो; त्या विद्येस न मिळालेला मानही मुलांच्याच पदरी ऋण म्हणून पडतो, हे फारसे कोणी म्हणत नाही. विद्या जपून ठेवली तरी ते ऋण फिटत नाही. ते फिटावयाचे तर लोकांनी गप्प बसून ऐकावे लागते, आणि लोकांस असे बसावयास लावणे हे वारसदाराचे सर्वांत अवघड काम होय.