राखेतलं पिवळं

चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमच्या भिंतीवर जर्मन मशिनवाल्यांनी दिलेलं कॅलेंडर होतं. मार्चच्या पानावर आल्प्सचा उतार, निम्मा बर्फाखाली, निम्मा उघडा. बर्फाची कड वितळत होती तिथं जांभळी फुलं, मातीतून थेट वर आलेली. क्रोकस. केशराची रानातली भावंडं. एप्रिल आला, मे आला, पान कुणी उलटलं नाही. बाहेर पत्र्याच्या शेड तापत होत्या आणि संध्याकाळी तळेगावच्या रस्त्यानं परतताना भंडाऱ्याचा डोंगर काळा दिसायचा. वणवा लागून गेला होता. जाळलं की पावसात गवत जोमानं येतं, या समजुतीनं आमच्याकडचे डोंगर उन्हाळ्यात पेटवले जातात.

पहिले पाऊस पडून गेल्यावर त्याच डोंगरावर गेलो. देवळाकडे जाणारी वाट सोडून मागच्या उतारावर. करडा मुरूम, राखेचे ओले डाग, जळक्या गवताचे खुंट, आणि त्यांच्यामधून जमिनीला चिकटून उगवलेली सहा पाकळ्यांची पिवळीजर्द फुलं. नखाएवढी. शेजारी घडी घातल्यासारखी एक-दोन कोवळी पानं. काळी मुसळी. आयुर्वेदाच्या दुकानात तिचं वाळकं मूळ मिळतं, आणि त्या मुळापायीच तिला जागोजाग उपटून नेतात. फुलाकडे मात्र कुणी वाकून बघत नाही.

क्रोकसच्या फुलाचा बीजकोश मातीच्या आत असतो. आपल्याला दिसतो तो नुसता वरचा रंग; बी धरायचं काम खाली, थंडीपासून लपून चालतं. मुसळीचंही तसंच. तिचा बीजकोश पानांच्या बुडाशी, जवळजवळ मातीतच दडलेला असतो आणि एक बारीक नळी फुलाला वर उचलून धरते. तिकडे वर्षातले कित्येक महिने डोक्यावर बर्फ, इकडे आठ महिने ऊन आणि वर वणवा. दोघींनी तोड तीच काढली: जीव खाली ठेवायचा. मुसळीचा जाडजूड खोडकंद सरळ खाली उतरलेला असतो, वीतभर तरी. वर डोंगर जळत असतो तेव्हा ती तिथं असते.

तिची शास्त्रीय माहिती बघायला मी जुना ग्रंथ काढला आणि ग्रंथकारातच अडकलो. ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’, 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेला. लेखक थिओडोर कुक. हा गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता, इंजिनिअर होता. 1836 मध्ये आयर्लंडात जन्मला, रेल्वेच्या कामासाठी हिंदुस्थानात आला, वसईच्या लोखंडी पुलाचं काम त्यानं पाहिलं. मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा तो कित्येक वर्षं प्राचार्य होता. आजचं सीओईपी ते हेच. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. ज्याला गर्डर, रिव्हेट, भार आणि ताण यांची भाषा येते, त्यानं मुंबई इलाख्यातल्या गवतांचे तुरे आणि फुलांतले केसर मोजत बसावं, निवृत्तीनंतर लंडनला जाऊन क्यूच्या वनस्पतिउद्यानात वाळक्या नमुन्यांवर वाकून खंडामागून खंड लिहावेत! मोजमापाची शिस्त तीच, वस्तू मात्र नखाएवढी. व्हर्निअर हातात धरणारी जी हजारो माणसं पिंपरी-चिंचवडात, भोसरीत, चाकणात रोज शिफ्टला जातात, त्यांच्यापैकी कुणाला ही फुलं बघायचा नाद लागला तर तो याच घराण्यातला म्हणायचा. कुक 1910 मध्ये गेला. सह्याद्रीतलं एखादं रोप ओळखायचं म्हटलं की अजूनही त्याचे खंड उघडावे लागतात.

भंडारा, भामचंद्र, घोराडेश्वर हे तुकोबांच्या एकांताचे डोंगर. तिन्ही आज कारखान्यांच्या टापूला लागून. ज्येष्ठात देहूहून पालखी निघते त्याच सुमाराला या उतारांवर मुसळी उमलते. सप्टेंबरात सोनकी फुलली की गाड्या भरून माणसं डोंगरांवर जातात. मला मात्र जूनच आवडतो, गवत गुडघ्यापर्यंत यायच्या आधीचा.

आणि जूनच्या 5 तारखेला पर्यावरण दिन असतो. कंपन्यांच्या बसगाड्या येतात, टोप्या घातलेली मंडळी उतारावर रांगेनं खड्डे घेतात. मनापासून घेतात, घाम गाळतात. पण खड्डा दीड-दोन फूट खोल, म्हणजे थेट मुसळीच्या कंदावर. गवताळ उतार ओसाड वाटतो, म्हणून त्यावर ग्लिरिसिडिया लावायचा आणि त्याच्या सावलीत उन्हावर जगणारं सगळं मारायचं, हे थांबलं पाहिजे. गवताळ डोंगर हा पुरा भरलेला डोंगर आहे. त्याला वणव्यापासून राखा, मार्चच्या आधी जाळपट्टे काढा, तेवढं पुरे.

झाडं हवीतच, पण खाली. तळेगाव-चाकण रस्त्याच्या कडेला माल उतरवायची पाळी येईपर्यंत ट्रकवाले दिवसदिवस थांबतात आणि ट्रकच्याच सावलीत स्टोव्ह मांडून भाजी शिजवतात. वड, कडुनिंब, करंज तिथं लावा.