घराचा अंदाज आणि बाबांची वही

सॉफ्टवेअरमध्ये माझं बरंचसं काम अंदाज देण्याचं. काम किती दिवसांत होईल, किती माणसं लागतील वगैरे. म्हणून फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती ठरली, तेव्हा खर्चाचा तक्ता मीच करायला घेतला.

निमित्त आईचं. आमची न्हाणी अंगणापलीकडे. गेल्या पावसात तिथे जाताना ती घसरली आणि मनगट मोडलं. पुढच्या जूनआधी न्हाणी घरात आणायची, गळकं छप्पर दुरुस्त करायचं आणि जमलं तर स्वयंपाकघर, फरशीही करायची असं ठरलं. हाताशी 18 लाख होते, बाबांची पुंजी आणि माझं कर्ज मिळून.

कंत्राटदाराने चौरस फुटाला 1,800 रुपये दर सांगितला. 900 चौरस फुटांचे 16 लाख 20 हजार. मी खूश!

बाबांनी कपाटातून 1991 सालची वही काढली. ओसरी वाढवली तेव्हाचा हिशेब. चिरे, सिमेंट, गवंड्याची मजुरी होतीच, पण ‘रस्त्यापासून चिरे वाहणे’, ‘जुने वासे उतरवणे’, ‘माती टाकणे’ अशाही ओळी होत्या.

"हे तुझ्या तक्त्यात कुठे आहे रे?"

नव्हतं. आमच्या वाड्यात आजही ट्रक शिरत नाही. कंत्राटदाराला विचारलं, तर वाहणावळ, मोडतोड, वायरिंग सगळं वेगळं. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 2 लाख 92 हजार. वासे वाळवीने खाल्ले असतील तर तेही वेगळे. आकडा 23 लाखांवर गेला.

मग सुताराला आधी माळ्यावर चढवलं. बरेच वासे शाबूत निघाले, तेवढा खर्च वाचला. तरी पुरेना. स्वयंपाकघर वगळलं. ओसरीची नवी फरशी ही बाबांची हौस. ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली. म्हणाले, "आधी तिची न्हाणी."

मे संपायच्या आत काम झालं, 17 लाख 60 हजारांत.

तुम्ही घराला हात लावणार असाल, तर दर विचारण्याआधी त्यात काय धरलेलं नाही ते विचारा आणि लिहून घ्या. जुनं घर असेल तर उघडून बघितल्याशिवाय आकडा ठरवू नका. आणि घरात कुणाची जुनी वही असेल, तर तीही मागून घ्या.

ओसरीची फरशी अजून जुनीच आहे. पुढच्या वर्षी तिचा तक्ता आम्ही दोघं मिळून करणार आहोत.