बोट ठेवायला जागा

अकोल्याच्या माझ्या आत्याबाई गजानन महाराजांचा विजयग्रंथ वाचतात तेव्हा उजव्या हाताची तर्जनी ओळीखालून सरकत असते. कागदाच्या पोथीला त्या बोटाचं काही वाटत नसे. फार तर पानांचे खालचे कोपरे काळपट झाले. पण मोतीबिंदूनंतर बारीक छपाई झेपेना, म्हणून नातवाने सगळा ग्रंथ टॅबवर गूगल डॉक्समध्ये चढवून दिला आणि गुरुपुष्यामृताला एका बैठकीत 21 अध्याय वाचायला बसलेल्या बाईची पंचाईत झाली. बोट टेकलं की टॅबला वाटे, हुकूम झाला. कधी एखादा शब्द निळा होई, कधी खालून कीबोर्ड उगवे, कधी पान झर्रकन पुढे निघून जाई. "पाय वो बाई," त्या मला म्हणाल्या, "पोथी पयते माही!"

नातवाने अक्षर चांगलं 24 चं केलं होतं. ओळींमधल्या अंतराकडे मात्र त्याचं लक्षच गेलं नव्हतं. अक्षरं थोराड आणि ओळी एकमेकींच्या अंगावर. मी सगळा मजकूर निवडला, वरच्या 'ए' अक्षराच्या खुणेवर टिचकी मारली, 'पॅराग्राफ' उघडलं आणि ओळीच्या अंतराचा बाण दाबत गेले. आकडा वाढला तशा ओळी सुट्या झाल्या. दोनाला पोचल्यावर आत्याबाईंचं बोट मधल्या कोऱ्या पट्टीत आरामात बसलं. मग लिहायचं रूप बंद करून नुसतं वाचायच्या रूपात ठेवलं, तेव्हा कीबोर्डाचं उगवणंही थांबलं. टॅबचं बिथरणं पूर्ण गेलं नाही, पण निम्मं गेलं. पोथी लांबली म्हणून त्या थोड्या कुरकुरल्या. एकविसाव्या अध्यायापर्यंत पोचायला आता जवळजवळ दुप्पट सरकवावं लागणार होतं.

गूगल डॉक्समध्ये नवं पान उघडलं की ओळींचं अंतर 1.15 असतं. हा आकडा शोभतो तो रोमन अक्षरांना. त्या लिपीत एखादं अक्षर वर डोकं काढतं, एखादं खाली शेपूट सोडतं, बाकीची बिचारी मधल्या पट्टीत निमूट बसतात. आपलं प्रत्येक अक्षर म्हणजे माळवद आणि तळघर असलेलं घर. 'मूर्तींना' हा एकच शब्द घ्या. खाली दीर्घ उकार, वर वेलांटी, तिच्या खांद्यावर रफार आणि त्याच्याशेजारी अनुस्वार. त्याच्या वरच्या ओळीत नेमका 'उद्ध्वस्त' आला की मग पाहायला नको. काही सॉफ्टवेअरमध्ये ओळीची उंची नेमक्या आकड्यात बांधून टाकायची सोय असते. मराठी मजकुराला ती लावली तर उंची कमी पडताच वेलांट्यांचे माथे सरळ छाटले जातात, आणि छापून हातात येईपर्यंत पुष्कळांना पत्ता लागत नाही. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला 'मंगल' विंडोज 2000 बरोबर घराघरांतल्या संगणकांवर आला. त्या अक्षरांना आपल्या मात्रावेलांट्यांसाठी उंच ओळ लागते. त्यामुळे इंग्रजी परिच्छेदात मधेच एक मराठी शब्द आला की तेवढी एकच ओळ फुगायची. लोक त्याला दोष म्हणायचे. मला ती ओळ आवडायची.

ओळीतलं अंतर ही पैशाची गोष्ट असते हे मला फार लहानपणी कळलं, कारण माझे मामाजी अमरावतीला कचेरीच्या आवारात मराठी टाइपरायटर घेऊन बसायचे. टिनाचं शेड, खाली लाकडी टेबल, टेबलाच्या एका पायाखाली खपटाचा तुकडा, बाजूला कडुनिंब. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमरावतीला असले की त्यांचा डबा घेऊन जायची आणि परत यायचं नाव घ्यायची नाही. चार वाजता ते गिला वडा मागवायचे, म्हणूनही असेल. यंत्राच्या डाव्या बाजूला कॅरेज ढकलायचा दांडा आणि त्याच्याजवळ एक छोटी खिट्टी. एक, दीड, दोन. ती खिट्टी सरकवायचं काम मामाजी मला द्यायचे आणि मी ते सरकारी हुद्दा असल्यासारखं करायची. कार्बन घालून पाच प्रती काढायच्या म्हणजे बोटं नुसती टेकवून भागत नसे, आपटावी लागत. पाचवी प्रत उमटे तोवर पहिल्या प्रतीत अनुस्वारांच्या जागी भोकं पडलेली असत. तो कागद उन्हाकडे धरला की अख्ख्या अर्जातले अनुस्वार तेवढे चमकायचे.

दर पानावर होता. म्हणून खिट्टी कुठे आहे यावर पक्षकाराचा खर्च ठरायचा, आणि खेड्यातून आलेल्या माणसाच्या ते फार लवकर लक्षात यायचं. एकदा चांदूर बाजाराकडचा एक शेतकरी आला होता. शेजाऱ्याने धुरा कोरून आत घेतला, हात-दीड हात जमीन गेली, अशी तक्रार. मामाजींनी दोनावर टाइप केलेला मसुदा त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचला नाही, नुसता पाहिला.

"भाऊ, हे मंधात इतकी कोरी जागा कायले सोडली?"

"वकीलसाहेब दुरुस्ती करते ना तिथं."

"मंग त्याचे पैसे वकील देईन का?"

मामाजी हसले. "जागेचेच पैसे असते, बाप्पा. अक्षरं तं मी फुकटच मारून रायलो."

कचेरीतल्या कामाचे दोन भाग असत, कच्चं आणि पक्कं. कच्च्यात दोन ओळींची जागा सोडायची. तो कागद वकिलाकडे जायचा आणि लाल शाईने भरून परत यायचा. मी ते लाल मजकूर वाचत बसायची. काळ्या टाइपात माणूस आपल्या भाषेत बोललेला असे, कारण मामाजी त्याचं ऐकत ऐकतच टाइप करायचे. बैल कसा अडवला, बायकोला काय शिवी दिली, रातच्याला कोण धुऱ्यावर उभं होतं. मधल्या कोऱ्या पट्टीतून लाल शाई हे सगळं समजून घेत, खोडत, पुढे सरकायची. शिवीच्या जागी 'अर्वाच्य भाषा', रडण्याच्या जागी 'मनःस्ताप', आणि रातच्याला उभ्या असलेल्या माणसाच्या जागी 'गैरअर्जदार क्रमांक 2'. पक्क्या प्रतीत फक्त लाल शाईचं मराठी उरायचं. कायद्याला तेच लागतं हे आता मला कळतं, तरी मला कच्ची प्रतच जास्त खरी वाटते. त्या प्रती कुणी जपून ठेवल्या नाहीत. गिल्या वड्याचं तेल टिपायला त्या बऱ्या पडायच्या.

खिट्टीचे बाकीचे उपयोग मामाजींचे स्वतःचे होते. अर्जाचा मजकूर आणि पान दोन्ही एकदमच संपलं, तर सही एकटी पुढच्या कोऱ्या कागदावर जाते, आणि ते वकिलांना खपत नसे. कोऱ्या कागदावरच्या सहीवर पुढे काय लिहिलं जाईल याचा भरवसा काय? म्हणून शेवटचं पान आलं की मामाजी आधीच अंदाज घेत आणि मला हळूच "दीड" म्हणत. डोळ्याला तो फरक कळत नसे आणि सही बरोबर मजकुराच्या पायाशी येऊन बसे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन एखादी म्हातारी आली तर न विचारता खिट्टी एकावर. सगळा अर्ज एका पानात, पैसे एका पानाचे. वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकलेले, सगळं काळंभोर. मी एकदा म्हटलं, "मामाजी, हे वाचता येणार नाही कुणाला." ते कागद ओढून काढत म्हणाले, "वाचू दे साह्यबाले डोये फोडून."

पुढे यंत्रं गेली. त्या शेडमध्ये संगणक आले, प्रिंटर आले, दर पानावरच राहिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढलं, ए-4 कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, 14 चं अक्षर आणि ओळींत दीडपट अंतर. कागद वाचावा हा हेतू. मामाजी तोवर नव्हते. असते तर दीडची खिट्टी दिल्लीपर्यंत पोचली म्हणून त्यांनी कचेरीभर वडा वाटला असता.

कागद महाग असण्याच्या काळातली माणसं जागेचा हिशेब कसा करत ते पाहायचं तर अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला जावं. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या ह्या गावी म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, आणि खलजीच्या स्वाऱ्यांत मूळ प्रत गेल्यावर मंडळींनी आठवून आठवून ते पुन्हा लिहिलं, असं महानुभाव पंथाची परंपरा सांगते. वि. भि. कोलत्यांची संपादित प्रत 1978 ची. जुन्या हस्तलिखितांत शब्दाशब्दांत जागा सोडत नसत. शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता जाते आणि शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने जिभेवर ठरवायचं. ओळी सरळ याव्यात म्हणून पाटीवर दोरे ताणून त्यावर कागद दाबत, दोऱ्यांच्या खुणा उमटत, त्या खुणांवरून बोरू चाले. म्हणजे अंतर एकदा दोऱ्यांनी ठरवलं की ठरलं, मधेच दीडावर येणं नाही. लिहिताना अक्षर सुटलं तर काकपदाची खूण करून ते समासात लिहायचं. चुकलं तर हरताळ फासायचा. मोडी लिहिणारे तर आधी पानभर रेघा ओढून घेत आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जात. त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथल्या मुलांना जुनी पोथी वाचायला देतील तेव्हा आधी टॅबवर सुटी करून देऊ नये असं मला वाटतं. गर्दीत एकदा हरवू द्यावं. छापील पुस्तकाच्या बाबतीत मात्र मी अगदी उलटी आहे. मौजेची जुनी पुस्तकं हातात घेतली की डोळे सैल होतात, आणि पानं वाचवण्यासाठी ओळी ठासून भरलेलं नवं पुस्तक दुकानातच खाली ठेवते, मग लेखक कुणी का असेना.

आत्याबाईंना मी विचारलं, अर्धा ग्रंथ तोंडपाठ आहे तर बोट लागतं कशाला? त्या म्हणाल्या, "बोट नसलं तं वाचल्यावानी वाटत नाई." आणि उत्तर पुरेसं झालं असं समजून पुढच्या अध्यायाला लागल्या.

संध्याकाळी त्यांच्या मुलाबरोबर अकोटच्या रस्त्याला शेतात गेले. दादाने यंदा कपाशी दाट लावली आहे. आजवर चार बाय दीड फुटावर टोबायचा. म्हणजे एकरी सात हजारांच्या वर झाडं. आता ओळींत तीन फूट आणि झाडांत जेमतेम अर्धा फूट, एकरी झाडं तीस हजारांच्या घरात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ह्या सघन लागवडीचा आग्रह धरते. झाड लहान ठेवायचं, वाढ आवरायला संजीवक फवारायचं, बोंडं थोडी पण झाडं पुष्कळ. हलक्या जमिनीला हे मानवतं असं म्हणतात. दादाची जमीन भारी काळी, आणि ह्या वर्षी पाऊस असा लागून राहिला की फवारा वेळेवर झाला नाही. झाडं छातीपर्यंत आली आणि ओळी वेळेआधीच एकमेकींत मिळून गेल्या. डवरा आत शिरेना. बैलजोडी भाड्याने सांगितली होती, ती धुऱ्यावरून परत गेली. आता खाली गवत माजलंय आणि निंदायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर त्या दाटीत वाकायला तयार होत नाहीत, सापाची भीती.

"पुढच्या साली मी चार फुटावर जातो," दादा म्हणाला.

धुऱ्यापलीकडून शेजारचे काकाजी ऐकत होते. त्यांची कपाशी जुन्या पद्धतीने फुलीवर लावलेली, डवरा उभा आडवा दोन्हीकडून चाललेला.

"पुढच्या सालचं पुढं पाहू," ते म्हणाले, "पह्यले यंदाचं तं निंदून घे."