कुंकळ्ळीच्या मास्तरांचं देणं

मडगावच्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो, तेव्हा सिंधुदुर्गातून गेलेल्या मला गोव्याचा इतिहास म्हणजे 1961 ची मुक्ती, एवढंच माहीत होतं. पहिल्याच शिगम्यात कुंकळ्ळीच्या छत्रोत्सवाची बातमी हाती आली. ‘रंगांची उधळण’ असा मथळा देऊन मी ती दोन कॉलमांत बसवली आणि मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी तो अंक घेऊन एक गृहस्थ कचेरीत आले. कुंकळ्ळीचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. तक्रार करायला आले असतील असं वाटलं. ते शांतपणे म्हणाले, “सगळं बरोबर छापलंत. देवी फातर्प्याला का गेली, तेवढं राहिलं.”

मला उत्तर देता येईना. त्यांनी मग येत्या रविवारी घरी बोलावलं. पुढं कित्येक रविवार मी तिथं जात राहिलो, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. गोव्याच्या साष्टी भागातली देवळं पोर्तुगिजांनी पाडली. कुंकळ्ळी आणि शेजारच्या गावांनी सारा भरायचं नाकारलं, पाडलेली देवळं पुन्हा उभी केली. जुलै 1583 मध्ये पाच जेझुइट तिथं चर्चसाठी जागा पाहायला आले, आणि गावकऱ्यांनी त्यांना मारलं. पुढं बोलणी करायची म्हणून पोर्तुगिजांनी गावच्या सोळा नायकांना असोळणा किल्ल्यात बोलावलं आणि खटला न चालवता त्यांची कत्तल केली. एकजण साळ नदीत उडी टाकून निसटला. देवी शांतादुर्गा फातर्प्याला नेली, ती आजही तिथंच. बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या वर्षातून एकदा तिच्यासोबत कुंकळ्ळीत येतात. मी ज्याला रंगांची उधळण म्हटलं होतं ते हे.

इथवर ऐकून माझं रक्त तापलं. घरी जाऊन एक जळजळीत लेख लिहिला आणि मोठ्या अपेक्षेनं मास्तरांना दाखवला. त्यांनी तो वाचून घडी घातली, चपला घातल्या आणि म्हणाले, “चल.”

मला वाटलं नायकांच्या स्मारकाकडे नेतील. नेलं ते सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चॅपेलकडे. मेलेल्या पाद्र्यांना जिथं विहिरीत टाकलं, ती जागा तिथलीच. मास्तरांनी दारात चपला काढल्या. देवळात काढतात तशाच. मी घुटमळत उभा राहिलो. ते म्हणाले, “यातले पाशेको नि बेर्नो आधी फौजेबरोबर येऊन गेले होते, देवळं पाडायला. ते लिही. पण त्या दिवशी बरोबरच्या एका पोर्तुगिजानं बंदूक उचलली, ती पाशेकोनंच चालवू दिली नाही. तेही लिही.” पाचांपैकी रुडॉल्फ आक्वाविवा तर अकबराच्या दरबारात तीन वर्षं धर्मचर्चा करून नुकताच परतला होता. 1893 मध्ये पोप तेराव्या लिओनं या पाचांना धर्मासाठी मेलेले धन्य पुरुष म्हणून मान दिला. आमचे नायक मात्र लोकांच्या बोलण्यात अजून आकड्यानंच येतात, सोळा म्हणून. मास्तरांना याचं दुःख होतं, पण ते दुःख त्यांनी त्या विहिरीवर काढलं नाही.

त्यांच्या गल्लीत हिंदू आणि ख्रिस्ती, दोघेही गावकार, म्हणजे गावच्या मूळ कुळांतले. छत्र्या निघाल्या की ख्रिस्ती घरंही पाहायला बाहेर पडतात. मास्तर म्हणायचे, एकाच वांगडाचे आम्ही, आमच्यात हुतात्मे वाटून कसे घेणार?

1999 च्या उन्हाळ्यात कारगिलला पडलेल्या एका जवानाच्या घरी मला पाठवलं. तोवर मी सिंधुदुर्गात परतलो होतो. मथळा मनात आधीच तयार होता. अंगणात पोचलो आणि मास्तरांची आठवण झाली. मी त्याच्या आईला एवढंच विचारलं की शेवटचं पत्र कधी आलं. ती आत गेली, आंतर्देशीय घेऊन आली. त्यात त्यानं गोठ्याच्या छपराचं काय झालं ते विचारलं होतं. बातमीत मी छपराचं लिहिलं, मथळ्यात फक्त नाव आणि गाव दिलं. संपादकांना ती सपक वाटली. त्या आईनं मात्र कात्रण देवापाशी ठेवलं, असं पुढं कुणीतरी सांगितलं. त्या कात्रणावर माझ्यापेक्षा मास्तरांचा हक्क जास्त आहे.

मास्तर आता नाहीत. माझा तो जळजळीत लेख त्यांनी परत दिला नाही, मीही मागितला नाही. वाचकांना एवढीच विनंती, कुंकळ्ळीला गेलात तर नायकांचं स्मारक पाहून लगेच गाडीत बसू नका. चॅपेलपाशीही जा, आणि तिथंही चपला काढा.