‘टक्’ ऐकू येईपर्यंत

लेन्स बॉडीवर बसवून फिरवली की शेवटी एक बारीक आवाज येतो. माउंटमधली छोटीशी खीळ लेन्सच्या खाचेत बसल्याचा तो ‘टक्’. गोंगाटात तो ऐकू आला नाही तरी बोटांना कळतो. लग्नांचे फोटो काढण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि एकदाच मी त्या आवाजाची वाट पाहिली नाही.

साताऱ्याजवळचं कार्यालय. शेवटची मंगलाष्टका सुरू होती, अक्षता घेतलेल्या मुठी वर गेल्या होत्या. लांबची लेन्स उतरवून मी २४-७०ची झूम चढवत होतो. ती पुरती फिरण्याआधीच मी कॅमेरा डोळ्याला लावला, झूमची कडी फिरवली आणि लेन्स सुटून शहाबादी फरशीवर गेली. उचलून पाहिली. हूडला तडा गेला होता, पण काचेवर चरासुद्धा नव्हता. देव पावला असं समजून उरलेलं लग्न त्याच लेन्सवर काढलं.

अल्बमसाठी फोटो निवडायला बसलो तेव्हा खरं काय झालं ते कळलं. घरच्यांच्या ग्रुप फोटोत डावीकडचे चेहरे लख्ख होते, उजवीकडचे सगळे पुसट. उजव्या टोकाला नवरीची आजी उभी होती.

बाहेरून एक काच दिसते, पण अशा झूममध्ये पंधराएक भिंगं एकामागे एक बसवलेली असतात. सगळ्यांचे मध्य एका रेषेत हवेत. धक्क्याने त्यातलं एक केसभर कललं तरी फोकसची पातळीच तिरकी होते. एक बाजू धारदार येते, दुसरी मऊ पडते. याला डीसेंटरिंग म्हणतात. दुरुस्ती महाग पडते ती इथेच. भिंग बदलणं एक वेळ सोपं. सगळी भिंगं पुन्हा एका रेषेत आणायला यंत्र लागतं, सरावलेला हात लागतो आणि वेळ लागतो. मला आलेला खर्च नव्या लेन्सच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर होता. पडझड कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. अपघाती नुकसान भरून देणारा विमा वेगळा घ्यावा लागतो, तोही मी त्यानंतर घेतला.

म्हणून पडलेल्या लेन्सच्या चेहऱ्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. कडी अडत असेल तर जोर लावायचा नाही. विटांच्या भिंतीसमोर, किंवा भिंतीला सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्रासमोर, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी सरळ लावायचा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एकेक फोटो काढायचा आणि चारही कोपरे मोठे करून ताडून पाहायचे. दहा मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मी ते केलं असतं, तर तो ग्रुप दुसऱ्या लेन्सवर निघाला असता.

पडू नये म्हणून काय करावं, हे शिकायला येणारी मुलं विचारतात. हूड कायम लावून ठेवा, बॅगेत उलटा आणि बाहेर सुलटा. पहिला मार तो खातो. फिल्टरवर मात्र भिस्त ठेवू नका. त्याची पातळ काच आधी फुटते आणि तिच्याच कपच्यांनी पुढचं भिंग चरतं. जेजुरीला भंडारा उधळतात तिथे तो जरूर लावा, कारण तिथे भीती पडण्याची नसून धुळीची असते. ७०-२००सारखी दीड किलोची लेन्स असेल तर पट्टा लेन्सच्या पायाला अडकवा. सगळं वजन माउंटवर लोंबू देऊ नका. लेन्स बदलताना खाली बसा आणि उघड्या बॅगेच्या तोंडावर बदला. दुसऱ्याचा कॅमेरा हातात घेतला तर आधी दिशा आठवा: समोरून पाहिलं तर कॅननची लेन्स घड्याळाच्या दिशेने बसते, निकॉनची उलट्या.

पण मी पाहिलेल्या बहुतेक पडझडींचं मूळ एकच होतं, अर्धवट राहिलेली कृती. चेन अर्धी लावलेली बॅग उचलली. पट्ट्याचं बक्कल अर्धंच बसलं. ट्रायपॉडची प्लेट आवळायची राहिली. लेन्स एकाने सोडली आणि दुसऱ्याच्या हातात अजून आलीच नव्हती. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. लेन्स घेणारा मोठ्याने ‘घेतली’ म्हणतो, आणि ते ऐकल्यावरच देणारा हात सोडतो. नवी मुलं पहिले दोन दिवस लाजतात. मग भर मांडवातही त्यांचं ‘घेतली’ स्पष्ट ऐकू येतं.

ती लेन्स दुरुस्त होऊन आली, आजही माझ्या बॅगेत आहे. तो ग्रुप मी लहान आकारात छापून दिला. त्या आकारात पुसटपणा कळत नाही. गेल्या वर्षी आजी गेल्या आणि घरच्यांनी त्याच फोटोतला त्यांचा चेहरा मोठा करून मागितला. तो करून देण्यासारखा नव्हता.

अक्षता पडत असतील, नवरीची गाडी निघत असेल, तरी अर्धा क्षण थांबा. ‘टक्’ कळल्याशिवाय लेन्सवरून हात काढू नका.