गाढवाचा नांगर आणि सोन्याचा फाळ

“गाढवाचा नांगर फिरवीन” असे आपण रागाच्या भरात सहज बोलून जातो. पण एका नांदत्या गावावर असा नांगर फिरला होता आणि ते गाव म्हणजे आजचे पुणे, हे आमच्या मुलांना खरे वाटेना. म्हणून यंदा कापसाची वेचणी आटोपल्यावर वडनेर भोलजीहून आम्ही घरची पाच माणसे नांदुऱ्याला गेलो, रेल्वेत बसलो आणि पुणे पाहून आलो.

१६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले. गाढवाचा नांगर फिरवला आणि पुन्हा येथे कोणी वसू नये म्हणून पहार ठोकून तिला फाटकी वहाण टांगली, असे सांगतात. त्यातच १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. माणसे परागंदा झाली, वावरे ओस पडली.

अशा उजाड जागी जिजाऊ बाल शिवबांना घेऊन राहायला आल्या. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या लेक, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांनी सोन्याचा फाळ लावून तेथे नांगर धरविला, ही कथा प्रसिद्धच आहे. पण नुसत्या सोन्याच्या फाळाने शेतकरी परत येत नाही, हे तुम्ही आम्ही जाणतो. लांडगे मारणाऱ्यांना बक्षिसे दिली, पडीक जमीन वाहणाऱ्यांना पहिली काही वर्षे सारा हलका ठेवला, असेही जुन्या हकिकती सांगतात. राहायला लाल महाल बांधला, कसबा गणपतीचे देऊळ उभारले. धनीणच येथे मुक्कामाला आहे म्हटल्यावर रयतेची भीती मोडली.

आज दिसणारा लाल महाल मूळचा नव्हे. तो पुणे महानगरपालिकेने १९८४ ते १९८८ या काळात नव्याने बांधला. तेथून कसबा गणपती पायी जाण्याइतका जवळ आहे. दोन्ही एका सकाळी पाहून होतात. जिजाऊंच्या पुतळ्यासमोर सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “माय सोता येऊन राह्यली, तवाच तं गाव वसलं.”

आमच्या भावकीतले चार एकर वावर तीन वर्षांपासून पडीक आहे. माणसे शहरात गेली. परत आल्यावर त्यांना निरोप धाडला आणि ते वावर आम्ही ठोक्याने घेतले. तुमच्याही शिवारात असे एखादे वावर असेल. पहिला नांगर कोणीतरी घातल्याशिवाय बाकीच्यांचे पाय तिकडे वळत नाहीत.