चाकांच्या प्रश्नाचे उत्तर

चिरंजीवास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, बारा इंची दुर्बीण पूर्ण झाल्याचे वृत्त आणि तिच्या गाडीला चाके कोणती लावावीत हा प्रश्न एकाच पाकिटातून पोहोचले. परंतु त्याच पत्राच्या समासात ही गाडी मोटारसायकलच्या मागे बांधून टेकडीवर नेण्याचा जो बेत सहज म्हणून नोंदवला आहे, त्याने वृत्ताचा आनंद निम्मा करून टाकला. आरसा महिनोन्महिने घासताना केसाच्या जाडीच्या शतांशाचाही हिशेब ठेवणाऱ्या माणसाने वाहतुकीला समासात जागा द्यावी, हे समजण्यापलीकडचे आहे. मावशीचे शिलाई यंत्र सायकलच्या कॅरिअरवरून नेणारी व्यक्ती हीच, हे ध्यानात घेतले म्हणजे मात्र आश्चर्य उरत नाही.

प्रथम चाकांविषयी. मोडीत निघालेल्या एका ट्रॉलीची चार चाके भंगारात स्वस्त मिळाल्याचे चिरंजीव कळवतात. ती गुळगुळीत फरशीसाठी घडवलेली आहेत आणि त्यांचा व्यास जेमतेम 10 सेंटिमीटर आहे. चाक अडथळ्यावर चढवण्यास किती बल लागेल हे चाकाच्या त्रिज्येवर ठरते. वाटेत 2 सेंटिमीटर उंचीचा दगड आला आणि गाडी आसाच्या पातळीवर आडवी ओढली, तर या चाकाला त्याच्यावरील भाराच्या सव्वापटीहून अधिक बल लागेल. म्हणजे ते चढवण्यापेक्षा उचलून पलीकडे ठेवणे स्वस्त पडेल. हेच चाक 43 सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर भाराच्या निम्म्याहून कमी बल पुरते. हा व्यास येथे मुद्दाम घेतला आहे, कारण जुन्या चेतक स्कूटरच्या दहा इंची रिमवर साडेतीन इंची टायर बसवला की चाक साधारण तेवढेच होते, आणि अशी चाके भंगारवाल्यांकडे अजूनही सापडतात. स्कूटरचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असते. त्यामुळे ते हबसकट मिळाले, तर दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा न करता सांगाड्याला जोडता येते. टायरमध्ये हवा स्कूटरला लागते त्याहून पुष्कळ कमी भरावी, कारण गाडी जड नाही आणि धक्का टायरनेच गिळायचा आहे. सायकलची चाके आणखी मोठी असतात हे खरे, पण त्यांचे आरे उभा भार पेलण्यासाठी ताणलेले असतात. जड गाडी आडव्या उतारावर वळवताना येणारा बाजूचा रेटा त्यांना सोसत नाही आणि रिम मुडपते.

एवढ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर संपते. परंतु प्रश्नच अपुरा असल्यामुळे पत्र संपत नाही.

मोठ्या दुर्बिणीची वाहतूक हा तिच्या रचनेचाच भाग असतो, आणि गाडीचा आराखडा ओझ्यापासून नव्हे तर वाटेपासून सुरू करावा लागतो. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आले, तेव्हा त्यांच्या सामानात 40 फूट, म्हणजे सुमारे 12 मीटर, नाभीय अंतराचा कॅमेरा होता. नाभीय अंतर म्हणजे भिंगापासून प्रतिमा उमटते तेथपर्यंतचे अंतर. एवढे लांब यंत्र कॅलिफोर्नियातून जेऊरपर्यंत येऊ शकले, कारण ते सुटे करून नेण्यासाठीच योजलेले होते. आणि जेऊरच्या बाजूने बोलायचे तर, तेथे ग्रहणपट्टा होता तसाच लोहमार्गही होता. पालोमार वेधशाळेतील दुर्बिणीच्या 200 इंची आरशाची काच 1936 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंगहून पॅसाडेनाला रेल्वेने गेली, तीही आडवी नव्हे तर उभी, आणि पुलांखालून व बोगद्यांतून ती कोठून सुटेल हे आधी मोजून मार्ग ठरवण्यात आला. त्याच जेऊरच्या ग्रहणाचे वेध घेणाऱ्या पुण्याच्या कावसजी दादाभाई नायगामवाला यांची वीस इंची परावर्तक दुर्बीण, जी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेत होती, 1912 मध्ये कोडाईकनालला हलवली गेली आणि तेथे दीर्घकाळ वापराविना राहिली. नेणे जमले, पण वापरणे जमले नाही, असाही प्रकार घडतो. चिरंजीवाच्या तळमजल्यावरील खोलीचे दार अरुंद आहे आणि गाडी त्यातून बाहेर निघाली नाही तर तेच होईल, म्हणून हे लिहिले.

चिरंजीवाने जी मांडणी स्वीकारली आहे तिच्या जनकाचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. जॉन डॉब्सन 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाले, जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करू लागले आणि चाकांवर बसवलेल्या दुर्बिणी मठाबाहेरच्या वस्तीत ढकलत नेऊ लागले. हा उद्योग मठात फारसा मान्य नसल्यामुळे पत्रव्यवहारात दुर्बिणीला जेरेनियमचे झाड म्हटले जाई, नळीत बसवलेली दुर्बीण कुंडीतले जेरेनियम होई आणि आरशावर ॲल्युमिनियमचा लेप चढला की ते फुलावर येई. तरीही 1967 मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. डॉब्सोनियन म्हणून ओळखली जाणारी त्यांची बैठक प्लायवुडची असते: खाली तीन पायांची फळी, तिच्यावर टेफ्लॉनच्या तुकड्यांवर फिरणारी पेटी आणि पेटीत वरखाली होणारी नळी. ही रचना हलण्यासाठीच जन्मली. तिला एका जागी जखडून वरून प्लास्टिक पांघरवणारे हौशी लोक पाहिले की डॉब्सनांची कीव येते.

मात्र नेणे वेगळे आणि पाहणे वेगळे. हवेच्या टायरवर उभ्या दुर्बिणीतून दोनशेपट वर्धनाने शनी पाहिला, तर डोळा लावताक्षणी तो थरथरू लागेल. म्हणून गाडीची दांडी खाली टेकवताच चाकांवरचा भार निघून फळीचे तीन पाय जमिनीवर बसतील, अशी योजना हवी. शिवाय प्रत्येक प्रवासानंतर कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरशांचे अक्ष पुन्हा एका रेषेत आणणे, हे करावेच लागते. टायर मऊ असले म्हणून ते टळत नाही.

आता गाडी उलटण्याविषयी. दोन चाकांतील अंतर 60 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य, म्हणजे जेथे सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून 85 सेंटिमीटर उंच असेल, तर गाडी सुमारे 19 अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. तोच बिंदू 60 सेंटिमीटरवर आणला तर सुमारे 27 अंशांपर्यंत तग धरते. हे आकडे उभ्या असलेल्या गाडीचे आहेत. चालत्या गाडीचे एक चाक खड्ड्यात गेले की त्यातले बरेचसे अंश तेथेच खर्च होतात. यासाठी फळी आसाच्या वर न ठेवता खाली लोंबती ठेवावी. पुढे एकच चाक लावण्याचा मोह होईल, पण तीन चाकांची गाडी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतच्या तिरप्या रेषेवर उलटते आणि ही रेषा गुरुत्वमध्याच्या अधिक जवळ असते.

मोटारसायकलचा विषय येथेच मिटावा. हातगाडी चालत्या माणसाच्या वेगासाठी असते, आणि सात किलोंच्या आसपास वजनाची काच तिच्यावर असताना अंधारात ब्रेक लावण्याचा प्रयोग कोणीही करू नये. टेकडीच्या पायथ्यापर्यंत छोटा हत्ती टेंपो भाड्याने घ्यावा. पैशांचा प्रश्न असेल तर तो संकोच न करता कळवावा.

पलंगाचे जुने नळ सांगाड्याला वापरण्यास हरकत नाही, परंतु पाण्याचे जस्ताचा मुलामा दिलेले नळ वेल्डिंगला देऊ नयेत. त्या धुराने माणसाला ताप भरतो, आणि वेल्डिंग करणारा मुलगा ते बोलून दाखवणार नाही. गाडी दुपारी बाहेर काढल्यास नळीचे झाकण बंद असावे. ती चुकून सूर्याकडे वळली, तर 1.5 मीटर नाभीय अंतराचा हा आरसा सुमारे 60 वॅट उष्णता दीड सेंटिमीटरहूनही लहान ठिपक्यात गोळा करील, आणि जवळ मुलेही असू शकतात.

दुर्बीण चढवण्यापूर्वी तिच्या वजनाची, म्हणजे सुमारे 40 किलो वाळूची, पोती तितक्याच उंचीवर बांधून तीच वाट दिवसा एकदा चालावी आणि परतल्यावर प्रत्येक सांधा व बेअरिंग तपासावे. सांध्यांची छायाचित्रे पाठवावीत. रात्री एकट्याने गाडी काढू नये, हे ताईलाही स्वतंत्रपणे कळवले आहे. रागवायचे असेल तर मामावर रागवावे.

अनेक आशीर्वाद.

मामा